मलकापूरवरचं आभाळ मोजताना

कोल्हापुरातून वरच्या वातावरणाचे फोटो घेता येतात ते पावसाळा सोडून. ढग दाटले की कॅमेरा बंद. म्हणून मलकापूरचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत असं काम करायला गेला, तर त्याच्या हाती एप्रिल-मेच्या मोजक्याच, चंद्र नसलेल्या रात्री लागतात. बाकीचं काम दिवसा, संगणकासमोर. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं.

केंद्र सरकारच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जी उपकरणं उभारली, त्यांत सबंध आकाश एका गोल चित्रात टिपणारा कॅमेरा आहे. त्याचा रोख ताऱ्यांवर नाही. सुमारे 250 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू रात्री मंद तांबडा प्रकाश देतात. तरंगलांबी 630 नॅनोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही. त्यासाठी नेमका तेवढाच रंग आत सोडणारा फिल्टर, खूप थंड केलेला सेन्सर आणि लांबलचक एक्स्पोजर लागतं.

हा प्रकाश येतो कुठून? दिवसा सूर्यकिरणांनी तिथल्या अणूंचे आयन होतात. रात्री आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जुळतात, तेव्हा सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो. इलेक्ट्रॉन कमी असतील तिथे चित्रात काळा पट्टा उमटतो. शोध घ्यायचा तो या पट्ट्यांचा. दक्षिणेकडे, चुंबकीय विषुववृत्तावर, सूर्यास्तानंतर खालचा विरळ प्लाझ्मा, म्हणजे आयन-इलेक्ट्रॉनांचं मिश्रण, वरच्या दाट थरात घुसतो. त्याला प्लाझ्माचा बुडबुडा म्हणतात. तो चुंबकीय बलरेषांच्या कडेनं उत्तर-दक्षिण पसरतो. जितका उंच चढेल तितका लांब पोचतो. कोल्हापूरच्या माथ्यावर दिसला, तर विषुववृत्तावर तो साधारण 500 किलोमीटरपर्यंत चढला असं गणित सांगतं. जीपीएसचे संकेत अडखळतात ते अशाच बुडबुड्यांतून जाताना.

विद्यार्थ्याला आधी चित्र सरळ करावं लागतं. खालून वर पाहताना उत्तर वर धरली की पूर्व डावीकडे येते, शिवाय कडेचं आकाश आक्रसलेलं असतं. ओळखीच्या ताऱ्यांच्या जागा ताडून प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश ठरवायचे. मलकापूर विद्यापीठाच्या वायव्येला. त्याच्या माथ्यावरचा 250 किलोमीटर उंचीचा बिंदू चित्राच्या मध्यापासून जेमतेम 10 अंशांवर पडतो. मग लागोपाठच्या चित्रांत पट्टा किती सरकला ते मोजायचं. पट्टे बहुधा पूर्वेकडे जातात. वेग सेकंदाला 100 मीटर धरला, तर मलकापूरवरचा पट्टा साडेपाच मिनिटांत विद्यापीठाच्या माथ्यावर येतो. एसटीला तासभर तरी लागतो.

पट्टा न दिसलेली स्वच्छ रात्रही वहीत नोंदवायची, नाहीतर कोणत्या महिन्यात बुडबुडे किती वेळा येतात याचं प्रमाण निघत नाही. आपल्याकडे ते मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक दिसतात. सप्टेंबर तर इथे बराचसा ढगांखालीच जातो.