अनेक याद्यांची एक यादी

नेवासें म्हटलें कीं, मराठी माणसास प्रवरेचा तीर, पैसाचा खांब आणि शके १२१२ मध्यें तेथें सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी यांचें स्मरण होतें. परंतु त्या तालुक्याचें दुसरेंहि एक वाङ्मय आहे; तें महसुली दप्तराचें होय. तें रसाळ नाहीं खरें; तथापि कोणाची जमीन कोठें व किती, हें त्यावरूनच ठरतें. हें दप्तर आतां संगणकांत गेलें आहे. तेव्हां अनेक ठिकाणचीं उत्तरें संगणक एकत्र कशीं करतो, हें जाणणें शेतकऱ्याच्याहि हिताचें झालें आहे.

सातबारा हा उतारा मुळांतच दोन कागदांचा जोड आहे. गांव नमुना सात हा जमिनीवरील हक्क सांगतो, आणि गांव नमुना बारा हा तींत घेतलेलीं पिकें सांगतो. आठ-अ हा तिसरा कागद. एका खातेदाराची त्या गांवांतील सारी जमीन त्यांत एकत्र दिसते. येथें ‘त्या गांवांतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याची जमीन तीन गांवीं आहे, त्याचे आठ-अचे उतारेहि तीन. एकूण धारणा काढावयाची तर ते कोणी तरी एकत्र केले पाहिजेत.

संगणकांतील दप्तर हें ओळी व रकाने असलेल्या कोष्टकांचें असतें. त्यांतून माहिती काढण्यासाठीं जी मागणी लिहितात, तिला ‘क्वेरी’ म्हणजे पृच्छा असें नांव आहे. वारंवार लागणाऱ्या पृच्छा क्रमानें लिहून दप्तराच्या पोटांतच जपून ठेवितां येतात. यास साठविलेलें फंक्शन म्हणतात. वापरणारानें केवळ त्याचें नांव घ्यावें आणि खातेदार कोण तें सांगावें. उरलेलें काम तें आपोआप करतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथें १९८६ सालीं मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं जिचें काम सुरू झालें, त्या ‘पोस्टग्रेस’ प्रणालींत यासाठीं ‘रिटर्न क्वेरी’ अशी आज्ञा आहे. घोडेगांवच्या बाजारांत कांद्याच्या पाट्या एकामागून एक ओतून एकच ढीग करावा, तशी ही आज्ञा जितक्या वेळां द्यावी, तितक्या वेळां नव्या ओळी आधींच्या ओळींत पडतात. काम पुरें झाल्यावरच तो ढीग बाहेर येतो. मात्र प्रत्येक पृच्छेचे रकाने संख्येनें व जातीनें सारखे असावे लागतात.

दुसरी रीत अशी कीं, सर्व पृच्छा एकाच वाक्यांत जोडावयाच्या. त्यासाठीं ‘युनियन’ आणि ‘युनियन ऑल’ असे दोन शब्द आहेत. ‘युनियन ऑल’ जें येईल तें ठेवितें. ‘युनियन’ हुबेहूब सारख्या ओळींपैकीं एकच राखतें. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं कोष्टकांचें जें शास्त्र मांडलें, त्यांत कोष्टक म्हणजे एक समूह. आणि समूहांत एकच घटक दोनदां मोजीत नाहींत. ‘युनियन’चें वर्तन या विचारास धरून आहे.

आतां एक खातेदार बाई कल्पावी. तिची जमीन नेवासा खुर्द येथें ६० आर, सोनईस ६० आर आणि घोडेगांवास ७० आर. एकूण १ हेक्टर ९० आर. दोन हेक्टरांपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक गणला जातो, तेव्हां ती अल्पभूधारक ठरते. पृच्छेंत केवळ क्षेत्र मागितलें आणि ‘युनियन’ वापरलें, तर ६० आरांच्या दोन ओळींतील एक गळते व बेरीज १ हेक्टर ३० आर येते. मदत हेक्टरावारी मिळावयाची असेल, तर साठ आरांची मदत बुडाली.

उलट प्रकारहि घडतो. पहिल्या दोन शेतांत केवळ खरिपाची बाजरी आहे. घोडेगांवच्या शेतांत खरिपास सोयाबीन आणि रब्बीस कांदा आहे. खरिपाची व रब्बीची यादी ‘युनियन ऑल’नें जोडून क्षेत्राची बेरीज केली, तर घोडेगांवचे ७० आर दोनदां धरले जाऊन २ हेक्टर ६० आर होतात. कागदावर जमीन वाढली आणि बाई अल्पभूधारक राहिली नाहीं! ओळींत पिकाचें नांव असेल, तर त्या ओळी भिन्न ठरतात. मग ‘युनियन’हि हा दोष टाळूं शकत नाहीं.

यावर उपाय एकच. प्रत्येक ओळीबरोबर जमिनीची ओळख असावी: गांव, गट क्रमांक आणि हिस्सा. ओळख असली म्हणजे सारखें क्षेत्र असलेलीं दोन शेतें निराळीं राहतात. आणि बेरजेच्या वेळीं पिकाचा रकाना वगळला म्हणजे एकच शेत दोनदां मोजलें जात नाहीं.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती काळाची. फंक्शनांतील पहिली पृच्छा थोरल्या भावाच्या जमिनी काढते, दुसरी धाकट्याच्या. या दोहोंच्या मध्यें एका गटाचा फेरफार मंजूर होऊन तो गट थोरल्याकडून धाकट्याकडे गेला, तर तो दोन्ही याद्यांत दिसतो. उलट दिशेनें गेला, तर कोणत्याच यादींत दिसत नाहीं. पोस्टग्रेसमध्यें निराळें कांहीं न सांगितल्यास सामान्यतः प्रत्येक पृच्छा आपापल्या क्षणींचें दप्तर पाहते. म्हणून केवळ वाचन करणाऱ्या फंक्शनावर ‘स्टेबल’ असा शब्द लिहावा, किंवा सर्व पृच्छा एकाच वाक्यांत जोडाव्या. मग साऱ्यांस एकाच क्षणाचें दप्तर दिसतें.

यंत्र बेरीज चुकत नाहीं. कोणत्या ओळी एकच मानावयाच्या हें मात्र त्यास कोणी तरी सांगावें लागतें. ज्याच्या हातीं उतारा पडेल त्यानें एकूण आंकडा पाहून न थांबतां प्रत्येक गट एकदां, आणि एकदांच, आला आहे कीं नाहीं हें बोट ठेवून मोजावें. तेवढी तपासणी ज्यास मोजतां येतें अशा कोणासहि करतां येईल.