मारलवाईची शाळा आणि आपला दानधर्म

जून महिना जवळ आला म्हणजे आपल्या घरोघरी वह्या-पुस्तकांची आणि गणवेशांची लगबग सुरू होते. त्याच सुमारास एखादे विनंतिपत्रकही आपल्या हाती पडते : दूरच्या खेड्यातील एका गरीब मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणाचा भार आपल्या कुटुंबाने उचलावा. पत्रक काढणारी मंडळी बहुधा स्वयंसेवक असतात. आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ती पैसे गोळा करतात, हिशेब ठेवतात आणि दप्तरे, पुस्तके, वसतिगृहाचा खर्च खेड्यापर्यंत पोहोचवतात. आपणही यथाशक्ती देतो आणि दिल्याचे समाधान मानतो. हे समाधान खोटे नव्हे. परंतु दिलेल्या रुपयाची विद्या होते की नाही, आणि होत असल्यास ती कशामुळे होते, हा प्रश्न देणाऱ्याने विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज वाचकांना आदिलाबादच्या डोंगरांत घेऊन जात आहो.

नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर या आपल्या जिल्ह्यांच्या सीमेपलीकडे, पैनगंगा व प्राणहिता यांच्यापासून दक्षिणेस गोदावरीपर्यंत हा जुना आदिलाबाद जिल्हा पसरलेला होता. तो आज तेलंगणात आहे. २०१६ साली त्याचे चार जिल्हे करण्यात आले. सागाची जंगले, ज्वारी-कापसाची शेते आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या लहान लहान वाड्या, असा हा मुलूख. राजगोंड, कोलाम, परधान, थोटी हे येथील जुने रहिवासी. केसलापूरची नागोबाची जत्रा हा त्यांचा मोठा उत्सव. आपल्या ख्रिस्ती बांधवांचीही तेथे वस्ती असून १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला.

कागदापायी गेलेली जमीन

शंभर वर्षांपूर्वी हा भाग निजामाच्या राज्यात होता. गोंड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आला होता. पण ती आपली आहे हे सांगणारा कागद त्याच्यापाशी नव्हता. पुढे सरकारने जंगले राखीव केली, रस्ते झाले, बाहेरून लोक आले. आलेल्यांना अर्ज लिहिता येत होता, दप्तरात नाव चढवून घेता येत होते. गोंडाला नोटीस वाचता येत नव्हती आणि पावतीवर काय लिहिले आहे हेही कळत नव्हते. कारभाराची भाषा उर्दू, बाजाराची मराठी किंवा तेलुगू आणि घरची गोंडी. अशा स्थितीत जमीन एकेका कागदासरशी हातची जात राहिली. निरक्षरता म्हणजे केवळ पुस्तकाच्या आनंदाला मुकणे नव्हे. आदिलाबादच्या डोंगरांत निरक्षरता म्हणजे पायाखालची भुई जाणे होते.

या अन्यायाविरुद्ध कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याने उठाव केला. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. उठाव मोडला खरा. परंतु हे लोक इतके का खवळले याचा शोध घेणे सरकारला भाग पडले. ते काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाच्या तरुण मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. हे गृहस्थ १९०९ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र असल्यामुळे त्यांना हैद्राबाद संस्थानाबाहेर जाण्यास बंदी झाली. त्या सक्तीच्या मुक्कामाचे त्यांनी सोने केले. पत्नी एलिझाबेथ, म्हणजेच बेट्टी, यांच्यासह ते मारलवाई या गोंड गावात घर करून राहिले, गोंडी शिकले आणि लोकांचे गाऱ्हाणे त्यांच्याच तोंडून ऐकते झाले.

आधी शिक्षक, मग शाळा

आपल्या विषयाचा गाभा येथे आहे. १९४३ साली गोंडांसाठी शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा पहिले पाऊल मुलांना शाळेत ओढून आणण्याचे नव्हते. पहिले पाऊल शिक्षक घडवण्याचे होते. मारलवाईला शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले आणि थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे जे मोजके गोंड तरुण सापडले, त्यांच्यापासून आरंभ झाला. ते तयार होऊन गावोगाव गेले आणि मग शाळा निघाल्या. शहरातून पाठवलेला परका मास्तर बदलीची वाट पाहत दिवस मोजतो. गावचा मास्तर मात्र संध्याकाळीही गावातच असतो. मूल का आले नाही हे त्याला चौकशीवाचून ठाऊक असते.

दुसरे पाऊल पुस्तकाचे. मुलांच्या हाती प्रथम गोंडी वाचनपाठ देण्यात आले, आणि ते छापले होते देवनागरी लिपीत. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा; परंतु या भागातील गोंडांना मराठीचा सराव होता. म्हणून मूल प्रथम स्वतःच्या भाषेत अक्षर ओळखे, आणि तीच अक्षरे पुढे त्याला मराठीच्या दारात नेऊन सोडत. घरच्या ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर उतरावे, तसा हा क्रम होता.

तिसरे पाऊल शाळेच्या भिंतीबाहेरचे. याच काळात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे देण्यात आले. ज्या घराला उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्या घरातील मूल कापूस वेचणीला जाणार, गुरांमागे जाणार. त्याला शाळेत बसवून ठेवणार कोण? शेत टिकले म्हणून मूल शाळेत टिकले, आणि शिकलेला मुलगा घरात आला म्हणून शेताचा कागदही टिकण्याची आशा निर्माण झाली. मारलवाईच्या केंद्रात शिक्षकांखेरीज गावपातळीच्या सरकारी कामांसाठीही गोंड तरुण तयार करण्यात आले.

या कामाशी एका मराठी माणसाचे नावही जोडलेले आहे. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतु माधवराव पगडी हे त्या काळी आदिलाबादेत सरकारी अधिकारी होते. त्यांनी गोंडांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि कोलामी भाषेचे व्याकरण तयार केले. ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांची बोली आधी आपण शिकावी, हा धडा त्यांनी आचरणाने दिला.

आपल्या वाचकांना याचे मोल सांगण्याची गरज नाही. वसईकडच्या कित्येक घरांत आजही सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, आणि पहिलीत गेलेल्या मुलाला पुस्तकातील मराठी काही दिवस परकीच वाटते. तेथे निदान दोन्ही बोली बहिणी-बहिणी आहेत. गोंड मुलाला गोंडीतून तेलुगूत शिरणे याहून कितीतरी अवघड जाते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, तेव्हा त्यांनाही हेच उमगले होते. लोकांनी आपली भाषा शिकावी अशी वाट न पाहता ते लोकांची भाषा शिकले, म्हणूनच त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत अवतरले.

पुढे काय झाले

मारलवाईची कथा येथेच थांबवली तर ती अर्धी राहील. हैद्राबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि हायमेनडॉर्फ पुढे लंडन विद्यापीठात अध्यापक झाले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे आले. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. तेथील शाळांची भाषा तेलुगू झाली आणि गोंडी वाचनपाठ मागे पडले. तेलुगू त्या राज्याची भाषा आहे. ती मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु अंगणाची पायरी काढून घेतल्यावर ओट्यावरून थेट रस्त्यावर उडी मारणे लहान मुलाला कसे साधावे? १९७० नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ पुन्हा या डोंगरांत फिरले. आदिवासींच्या हातून जमीन पुन्हा निसटत असल्याचे त्यांनी पाहिले आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते खेदाने नोंदवले.

यातून एक कठोर सत्य समोर येते. जी योजना वरून आलेल्या एखाद्या भल्या माणसाच्या आधाराने उभी असते, ती त्याच्या जाण्याने खचते. टिकून राहते ते गावातल्या माणसांत रुजलेले. सरकारी हुकमाने पुस्तके बदलली. परंतु जे गोंड तरुण शिक्षक झाले, त्यांची विद्या कोणत्याही हुकमाला काढून घेता आली नाही.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आदिवासी भागात सरकारी आश्रमशाळा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून देण्याची शिफारस केली आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावी गोंडीची स्वतःची लिपी असलेली जुनी हस्तलिखिते सापडली, आणि २०१८ साली त्या लिपीला संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. म्हणजे आज अडचण केवळ फीची नाही. अडचण आहे ती पहिल्या वर्गातील भाषेची, चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणाची, आणि मूल शाळेतून गळाले तर ते कोणाच्या लक्षात येते याची.

देणाऱ्याने काय पाहावे

म्हणून एखाद्या मुलाचा भार उचलताना आपण काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. त्या मुलाच्या शाळेत त्याची घरची बोली समजणारे कोणी आहे का? नसल्यास गावातीलच शिकलेली एखादी मुलगी सकाळ-संध्याकाळ लहानांचा अभ्यास घेण्यास नेमता येईल का? अशा एका मुलीच्या मानधनाने जे काम होईल, ते कित्येक दप्तरांनी होणार नाही. मदत चौदाव्या वर्षी थांबते की पुढे चालू राहते? कारण मुलींचे शिक्षण तुटण्याची भीती तेथेच अधिक असते. मूल गैरहजर राहिले तर त्याच्या घरी कोण जाते? त्याच्या आईबापांना या साऱ्यात काही मत आहे का? आणि आपली मदत कोणत्याही अटीविना आहे ना? विद्येच्या मोबदल्यात कोणाची श्रद्धा, कोणाची कृतज्ञता किंवा पत्रकात छापण्यासाठी कोणाचा दीनवाणा चेहरा मागणे आपल्याला शोभत नाही.

हा विचार आपल्याला नवा नाही. फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिस येथे आपल्या मित्रांसह जे कार्य आरंभले, तेच आज सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या नावाने आपल्या कित्येक धर्मग्रामांत चालू आहे. त्या कार्याचा मूळ नेमच असा की, सभासदांनी गरिबाच्या घरी स्वतः जावे. आणि शुभवर्तमानातील त्या चांगल्या शोमरोन्याचे तरी काय? त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, एवढेच आपण ध्यानी ठेवतो. पण त्याआधी त्याने जखमा बांधल्या होत्या आणि जाताना, मी परत येईन, असे सांगितले होते. ते परत येणे दानातून वगळले, तर नाणी तेवढी उरतात.

बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ साली हैद्राबादेस निवर्तल्या. त्यांना मारलवाईत मूठमाती देण्यात आली. त्यांच्या पतीचे १९९५ साली निधन झाले. पुढे त्यांचाही रक्षावशेष त्याच गावी आणून शेजारी ठेवण्यात आला. व्हिएन्नात जन्मलेल्या माणसाला गोंडांनी आपल्या मातीत जागा दिली, ती त्याने पाठवलेल्या रकमेबद्दल नव्हे. तो तेथे राहिला होता, त्यांची भाषा बोलला होता आणि गेल्यावरही पुन्हा पुन्हा परतला होता.

आपल्यापैकी सर्वांना डोंगरात जाऊन राहता येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या मुलासाठी आपण पैसे पाठवतो त्याचे नाव, त्याची बोली आणि त्याची इयत्ता आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी, आणि पुढच्या जूनमध्ये नवे पत्रक येण्याची वाट न पाहता आपणच त्याची विचारपूस करावी, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येईल. यंदाचा वर्गणीचा लखोटा बंद करण्यापूर्वी त्यात विचारपुशीची एक चिठ्ठीही अवश्य घालावी.