नेम उभ्यानेच ठरवा
पूलच्या टेबलावर सोपा शॉट हुकला की बघणारे हाताला दोष देतात: कोपर हललं, जोर जास्त झाला. पण बऱ्याचदा चूक हात हलण्याआधीच झालेली असते. खेळाडू आधी वाकतो आणि मग विचार करू लागतो. पांढरा बॉल नंतर कुठे थांबवायचा, त्याला मधोमध मारायचं की खाली, हे हनुवटी क्यूजवळ आल्यावर ठरवायचं नसतं. त्या स्थितीत नेम बदलला तरी पाय आणि खांदा जुन्याच रेषेत राहतात. मग मनगट वळवून सावरासावर होते आणि क्यू तिरका जातो. म्हणून सगळा निर्णय उभ्याने, चॉक लावतानाच व्हावा. वाकल्यावर मन बदललंच, तर सरळ उठावं.

वाकल्यानंतर मुख्य काम उरतं ते नजरेचं. हालचाल सुरू होण्याआधी लक्ष्यावर स्थिरावणाऱ्या शेवटच्या नजरेला कॅनडातील संशोधक जोन विकर्स यांनी ‘क्वाएट आय’ असं नाव दिलं. २००२ साली विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी ती बिलियर्ड्सच्या टेबलावर तपासली. निपुण खेळाडूंची नजर कमी कुशल खेळाडूंपेक्षा जास्त वेळ स्थिर राहत होती, यशस्वी फटक्यांआधी ती अधिक लांबत होती आणि मुद्दाम वेळ कमी दिल्यावर अचूकता घसरत होती. म्हणजे क्यू दोन-तीनदा मागेपुढे करताना नजर दोन्ही बॉलांमध्ये फिरली तरी चालेल. शेवटी मात्र क्यूचं टोक पांढऱ्याजवळ थांबवावं, नजर समोरच्या बॉलच्या ठरलेल्या बिंदूवर टेकवावी आणि मगच क्यू सावकाश मागे न्यावा.

यावर कुणी झटपट खेळणाऱ्या रॉनी ओ’सुलिव्हनचं नाव घेईल. १९९७ साली त्याने स्नूकरमधला १४७ गुणांचा ब्रेक साडेपाच मिनिटांच्या आत पुरा केला. ३६ फटके, प्रत्येकाला सरासरी नऊ-साडेनऊ सेकंदांहून कमी. पण हा वेग निर्णय झटपट होण्याचा आहे, आणि तो झटपटपणा वर्षानुवर्षांच्या सरावातून येतो. त्याची नक्कल करणारा नवखा नेमका नजर टेकवण्याचा क्षण गाळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतकं भान ठेवलं तर हात आखडणार नाही का? कोपराचं, मनगटाचं भान ठेवलं तर आखडेलच. ठरावीक क्रमाचा उपयोग हाच की विचार उभ्यानेच संपतो आणि खाली गेल्यावर डोळ्यांना एकच बिंदू उरतो. पूलच्या मोस्कोनी कपसारख्या स्पर्धेत शॉटला सहसा ३० सेकंदच मिळतात. त्यातही हे सहज बसतं.

असा क्रम प्रत्येक फटक्याला का लागतो, ते बिलियर्ड्समध्ये कळतं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्या खेळात एकच खेळाडू सलग शेकडो गुण करत टेबलावर राहू शकतो. तिथे एखाद्या झकास फटक्याने भागत नाही, प्रत्येक फटक्याला तीच तयारी लागते. पार्लरमध्ये तासावर पैसे मोजणाऱ्याला घाई होणं मी समजू शकतो. तरीही पुढच्या सरावात किती बॉल गेले ते मोजू नका. वाकल्यावर किती वेळा मन बदललं, तेवढंच मोजा.