स्टुटगार्टहून : महापौर रोमेल आणि एक कबर

स्टुटगार्टच्या राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेच्या इमारतीत, एक जुनी लिफ्ट आहे. तिला दार नाही आणि ती थांबतही नाही. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये रहाटाला पोहऱ्यांची माळ असायची, तशी ही माणसांच्या खोक्यांची माळ. एका बाजूने वर चढते, दुसऱ्या बाजूने खाली उतरते. खोका समोर आला की पाऊल टाकायचं, आपला मजला आला की उतरायचं. पहिल्यांदा मी तीन खोके नुसते जाऊ दिले, चौथ्यात शिरलो. शेजारी फायली घेतलेला एक कर्मचारी होता. महापौर बसतात कुठे, असं विचारलं, तर त्याने सहज मजला सांगितला.

इथल्या महापौराला सगळे ‘ओ-बे’ म्हणतात. ओबरबुर्गरमाइस्टर या लांबलचक शब्दाची ही दोन आद्याक्षरं. अलिबाग-मुरुडच्या वाचकाला हे पद समजावून सांगायचं तर आधी आपलं आठवावं लागतं. मुंबईच्या महापौराला मान मोठा, पण तिजोरीची किल्ली आयुक्तांकडे. 1888 च्या कायद्याने तशीच रचना केली आहे. आपल्याच नवगावच्या किनाऱ्याशी ज्यांची मूळकथा जोडलेली आहे, त्या बेने इस्रायल समाजाचे डॉ. ई. मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. पण तेव्हा महापौरपद वर्षभराचंच असे, आणि आता ते अडीच वर्षांचं आहे. एवढ्या काळात माणूस शहर ओळखतो न ओळखतो तोच हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. नगरपरिषदांचं तर आणखी विचित्र. 2016 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2022 मध्ये परत जनतेतून. मंत्रालयातलं सरकार बदललं की आमच्या गावाचा नगराध्यक्ष निवडायची रीतही बदलते, याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, ओ-बेला लोक थेट निवडतात आणि तेही आठ वर्षांसाठी. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पुन्हा मतदान होतं. निवडून आला की तो नगरसभेचा अध्यक्ष, तिथे त्याला स्वतःचं मत, आणि सगळ्या प्रशासनाचा प्रमुखही तोच. आपला महापौर आणि आपला आयुक्त एकाच खुर्चीत बसवल्यासारखं. इतकी सत्ता एका माणसाच्या हाती देणं मला सुरुवातीला धोक्याचं वाटलं होतं. मानफ्रेड रोमेल यांची कारकीर्द वाचल्यावर त्या खुर्चीचा दुसरा उपयोग कळला.

आडनाव ओळखीचं वाटलं असेल. ‘वाळवंटातला कोल्हा’ म्हणून गाजलेल्या फील्डमार्शल एर्विन रोमेल यांचा हा एकुलता मुलगा, जन्म 1928 चा. 14 ऑक्टोबर 1944 रोजी उल्मजवळच्या हेरलिंगेन गावी हिटलरचे दोन जनरल घरी आले. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याचा आरोप ठेवून त्यांनी रोमेलपुढे दोनच वाटा ठेवल्या : विष घ्या, नाहीतर खटल्याला उभे राहा आणि मग घरच्यांचं काय होईल ते पाहा. बापाने पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेतला आणि तो त्यांच्या गाडीत जाऊन बसला. जखमांनी मृत्यू आला असं जाहीर करून सरकारने उल्मला थाटात अंत्यविधी केला. खरं काय ते मुलाला ठाऊक होतं आणि त्याला गप्प राहायचं होतं.

युद्धानंतर मानफ्रेड कायदा शिकले, राज्य सरकारच्या सेवेत गेले आणि अर्थखात्यात राज्यसचिव झाले. 1974 मध्ये स्टुटगार्टचे महापौर आर्नुल्फ क्लेट पदावर असतानाच वारले. 1945 पासून शहर त्यांच्याच हाती होतं, आणि 1968 मध्ये मुंबई आणि स्टुटगार्ट भगिनी-शहरं झाली तीही त्यांच्याच काळात. त्यांच्या जागेसाठी रोमेल ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाकडून उभे राहिले आणि दुसऱ्या फेरीत जवळपास 59 टक्के मतं घेऊन निवडून आले.

तीन वर्षांनी, 1977 च्या ऑक्टोबरात, सगळा देश हादरला होता. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या दहशतवादी संघटनेने उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांना पळवून नेऊन मारलं. संघटनेचे म्होरके बाडर, एन्सलिन आणि रास्पे स्टुटगार्टच्याच श्टामहाइम तुरुंगात होते. 18 ऑक्टोबरला तिघेही मृत्यू पावले. ती आत्महत्या होती असं तपासाअंती ठरलं. 25 तारखेला श्लायर यांचा अंत्यविधी याच शहरात झाला. आणि त्याच आठवड्यात या तिघांना कुठे पुरायचं हा प्रश्न महापौरांसमोर आला. एन्सलिनचे वडील इथल्याच कानश्टाट भागातले पाद्री. मुलीला इथे माती मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

लोक संतापलेले होते. आमच्या माणसांच्या शेजारी हे नकोत, ही भावना सगळीकडे होती आणि रोमेल यांच्या स्वतःच्या पक्षातून तर विरोध फार कडवा झाला. रोमेल यांनी परवानगी दिली. सगळं शत्रुत्व कुठेतरी संपलंच पाहिजे आणि इथे ते मरणापाशी संपावं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मराठी माणसाला हे नवं नाही. रावणाचे अंत्यसंस्कार कर, असं रामाने बिभीषणाला सांगितलं ते आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहेच. पण ऐकलेलं असणं वेगळं आणि संतापलेल्या मतदारांसमोर त्या कागदावर सही करणं वेगळं. मला वाटतं, उल्मचा तो खोटा थाट पाहिलेल्या मुलालाच कळत होतं की मेलेल्या माणसाचा सरकार काय काय वापर करतं. हा माझा अंदाज आहे. रोमेल यांनी तसं म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

27 ऑक्टोबरला डोर्नहाल्डे दफनभूमीत पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात तिघांना एकाच कबरीत ठेवलं गेलं.

रोमेल यांची कारकीर्द संपली म्हणणारे चुकले. 1982 मध्ये त्यांना जवळजवळ 70 टक्के मतं पडली आणि 1990 मध्ये त्याहूनही जास्त. त्यांनी शहराचं कर्ज हिशेबाने उतरवलं. परदेशातून आलेल्या कामगारांची बाजूही घेतली. 1989 मध्ये एका आफ्रिकी माणसाच्या हातून दोन पोलीस मारले गेले, तेव्हा हे कृत्य एखाद्या इथल्या श्वाबी माणसाकडूनही झालं असतं, असं ते बोलले आणि पुन्हा लोकांचा राग ओढवून घेतला. 1996 अखेर, 68 पूर्ण झाल्यावर, ते निवृत्त झाले. 2013 मध्ये गेले. आता इथल्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. आठ-आठ वर्षांची मुदत होती म्हणून रागावलेल्या लोकांना विचार करायला वेळ मिळाला. दर अडीच वर्षांनी खुर्ची हलत असती तर 1977 चा तो निर्णय कुणी घेतला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात डोर्नहाल्डेला जाऊन आलो. झाडीतली शांत जागा. इथल्या दफनभूमीत पाण्याच्या नळाशी झाऱ्या टांगलेल्या असतात. ज्याला हवी त्याने घ्यावी, आपल्या माणसाच्या कबरीवरच्या रोपांना पाणी घालावं आणि परत अडकवून ठेवावी. एक म्हातारी बाई झारी भरत होती. मी तिच्या मागे उभा राहिलो. तिने पुढच्या ओळीतल्या कुणाच्या तरी कबरीवर पाणी घातलं, झारी परत आणली आणि दांडा माझ्या हातात दिला.