धृपद, काल आणि जागा

गाण्याच्या वर्गातला माझा पहिला घोटाळा ‘ध्रुपद’ या शब्दाने केला. साल १९७४, वय नऊ, जागा उज्जैनच्या फ्रीगंजमधली एक वरच्या मजल्यावरची खोली. गुरुजींनी विचारलं, “ध्रुपद कधी ऐकलंय का कुणी?” मी झटकन हात वर केला. रोज ऐकते, म्हणाले. आमच्या घरी दिवेलागणीला आजी अभंग म्हणायची आणि दर कडव्यानंतर आम्हा पोरांना “धृपद घ्या रे” म्हणून दटावायची. माझ्या लेखी धृपद म्हणजे सगळ्यांनी मिळून परत परत म्हणायची ओळ. गुरुजींनी मला ती ओळ म्हणायला लावली, शांतपणे ऐकली, आणि मग स्वतः तंबोऱ्यावर नोमतोम सुरू केलं. बऱ्याच वेळाने थांबून म्हणाले, “हेही ध्रुपद. मूळ शब्द ध्रुवपद. ध्रुव म्हणजे न हलणारं. तुझ्या आजीचंही बरोबर आहे.” एका शब्दाची दोन घरं असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. गेल्या पन्नास वर्षांत गाण्याचे जे शब्द शिकले, त्यांचा मागोवा घ्यायला बसले की सुरुवात तिथूनच होते.

आम्हा उज्जैनच्या मराठी मुलांना हे शब्द तीन दारांनी भेटत. घरी पेटी, चाल, टाळी, दुप्पट. वर्गात सगळ्या घरांतली मुलं, म्हणून हिंदी: हारमोनियम, धुन, ताली, दुगुन. वहीत मात्र संस्कृत: षड्ज, आरोह, अवरोह, वादी, संवादी. टाळी न देता हात उघडायच्या मात्रेला, म्हणजे खालीला, घरातल्या तबल्याच्या परिभाषेत ‘काल’ म्हणत. वर्गात मी एकदा “गुरुजी, काल कुठे येतो?” असं विचारलं, तर शेजारची मुलगी कालच्या दिवसाबद्दल बोलू लागली. या गावाची घडणच तशी आहे. राणोजी शिंद्यांपासून उज्जैन शिंद्यांचं. १८१०च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली, पण इथली मराठी घरं इथेच राहिली. बायजाबाई शिंद्यांचं गोपाळ मंदिर आजही भर बाजारात उभं आहे. भाषा घरात टिकली, वर्गात मात्र तिला हिंदीचा हात धरावा लागला.

आणि ग्रंथांचंही तसंच झालं. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना गुरुजींनी एक जाड पुस्तक हातात ठेवलं: ‘भातखंडे संगीतशास्त्र’, हाथरसच्या संगीत कार्यालयाचं, हिंदीत. त्यात शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. नाद म्हणजे काय, श्रुती कशाला म्हणतात, थाट आणि राग यांत फरक कोणता. मी ते अधाशासारखं वाचलं. पुढे लग्न होऊन काही वर्षं पुण्यात राहिले, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा भाग दिसला. उघडून पाहिलं तर तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि सगळं मराठीत. मूळ तेच होतं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१०पासून पुढच्या दोन दशकांत या ग्रंथाचे चार भाग मराठीतून लिहिले. मी माझ्याच भाषेतला ग्रंथ अनुवादातून शिकले होते. दुकानात उभ्या उभ्या डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

भातखंड्यांचं मोठेपण मला त्या संवादात दिसतं. पेशाने वकील असलेला हा माणूस गावोगाव हिंडला, उस्तादांच्या तोंडून चिजा मिळवल्या, लिहून काढल्या. त्याआधी शब्द होतेच, पण ते घराघरांत वेगळे होते आणि शिष्याने विचारायची सोय नव्हती. भातखंड्यांनी विचारण्याला ग्रंथात जागा दिली. माधवराव शिंद्यांनी त्यांच्या साह्याने १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय काढलं, तिथे राजाभैया पूछवाल्यांसारखे गायक भातखंड्यांची पद्धत शिकून शिकवू लागले. खानदानी तालमीतला माणूस फळ्यापुढे उभा राहिला, ही केवढी गोष्ट! उज्जैनच्या शासकीय संगीत महाविद्यालयाच्या नावातही ‘माधव’ आहे. आम्ही भातखंड्यांच्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतून शिकलो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर, समेला फुली, खालीला शून्य: ही सगळी चिन्हं आमच्या बोटांत अशी बसली होती की किराण्याच्या यादीतही हात कधी कधी शब्दाखाली रेघ ओढायचा.

पण व्याख्या पाठ असणं आणि शब्द कळणं यांत किती अंतर असतं, ते मला एका परीक्षेत समजलं. परीक्षकांनी विचारलं, वादी स्वर म्हणजे काय? मी खडाखडा म्हणून दाखवलं: रागातला प्रमुख स्वर, राजा, संवादी त्याचा प्रधान. ते म्हणाले, “भूप आणि देसकार, दोन्हींत सा रे ग प ध. भूपाचा वादी?” गंधार. “देसकाराचा?” धैवत. “आता देसकार गाऊन दाखव.” मी गायले, आणि चार स्वरांतच तो भूप झाला. गंधारावर जाऊन मी आरामात बसले होते. परीक्षकांनी काहीच म्हटलं नाही, फक्त गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं. घरी येऊन मी रडले.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वही बंद करायला सांगितली. महिनाभर रोज सकाळी फक्त धैवत. पंचमावरून धैवतावर जायचं, तिथे थांबायचं, वरच्या षड्जाला स्पर्श करून पुन्हा धैवतावरच यायचं. गंधार घ्यायचा तो वाटेतला ओटा म्हणून, टेकायचं नाही. महिन्याअखेरीस देसकार आपोआप उत्तरांगात उभा राहिला. संध्याकाळी भूप म्हणताना तोच गंधार घर वाटू लागला. राजा-प्रधानाची उपमा मी त्यानंतर कधी दिली नाही. वादी म्हणजे रागाचं मन जिथे रमतं तो स्वर, एवढंच मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते आणि लगेच गायला लावते.

खालीचंही तसंच. तीनतालात नवव्या मात्रेला हात उघडायचा, हे सगळ्यांना येतं. गुरुजी आम्हाला डोळे मिटून तबला ऐकायला लावत. नववी ‘धा’ गेली की तिं तिं ता, डग्ग्याचा घुमारा थांबतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो आणि पोटात कळतं, सम जवळ आली. सोळा मात्रा न मोजता आम्ही सगळी जणं एकदम समेवर मान टाकायचो. ‘खाली’ म्हणजे रिकामी जागा असा माझा समज होता. ती खरं तर समेची खबर आहे.

या शब्दांवर माझा जीव आहे, तरी त्यांच्या पलीकडचं गाणंही याच मातीत ऐकायला मिळालं. देवास इथून तासाभराच्या वाटेवर. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन तिथे आले, अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. त्या बायकांना वादी-संवादी माहीत नव्हते. कुमारजींनी मात्र त्या धुनांत रागाची बीजं ओळखली, आणि लगनगंधार, संजारी, मालवतीसारखे धुनउगम राग पुढे आले. ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आहेत. गाणं आधी, नाव नंतर, हा क्रम त्यांच्याकडून शिकावा.

शास्त्रातल्या शब्दातही जीव असतो, हे सांगताना मला मेघदूतातली यक्षिणी आठवते. वीणेवर गाऊ पाहते, डोळ्यांच्या पाण्याने तारा भिजतात, आणि स्वतः रचलेली मूर्च्छना विसरते. ‘मूर्च्छना’ हा शास्त्रातला शब्द, सात स्वरांची एकेका स्वरापासून सुरू होणारी क्रमवार मांडणी. कालिदासाने तो विरहाच्या ऐन मध्यावर ठेवला. पारिभाषिक शब्द रुक्ष असतात असं म्हणणाऱ्याला मी हा श्लोक वाचायला देते.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या फोनमध्ये तंबोरा आहे, ठेका आहे, कुठल्याही शब्दाची व्याख्या क्षणात आहे. मला हे आवडतं. आम्हाला एका शब्दासाठी आठवडाभर थांबावं लागे. पण पेटीची ‘काळी एक’ म्हटलं तर त्या गोंधळतात, ‘सी शार्प’ म्हटलं तर सूर बरोबर लावतात. आणि मराठी श्रोत्यांचा लाडका शब्द, जो मी एकाही परीक्षेच्या अभ्यासक्रमात पाहिला नाही, तो तर या मुलींच्या कानावरच पडलेला नसतो: ‘जागा’. आजी रेडिओसमोर बसून “काय जागा घेतली!” म्हणायची. ती मुरकी असेल, खटका असेल, नुसता लांबलेला निषादही असेल. तिला ते वेगळं काढता येत नसे, पण जागा कधी चुकत नसे.

तुमच्या घरातलं मूल गाण्याच्या वर्गातून नवा शब्द घेऊन आलं, तर कृपा करून त्याला अर्थ विचारू नका. “म्हणून दाखव” म्हणा, आणि ते म्हणेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.