दोघांचे ओझे

दिवाळीच्या सुट्टीत कळसूबाईला जायचे ठरले. उंची १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या, आणि आम्हा दोघांपैकी एकाचा गुडघा दुखरा. महागड्या हलक्या सॅक घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून अल्लीपुरातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. पाणी सोडून दोघांचे १४ किलो भरले!

स्टीलच्या बाटल्या घरीच राहिल्या. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या. टॉर्च, चार्जर, साबण एकेकच. ब्लँकेटही एकच, पण रुंद. जाड मखमली जानमाजऐवजी धुतलेली चादर; अंथरायलाही तीच, नमाजलाही तीच. आपण कपाशीच्या मुलुखातले, तरी चढणीला सुती कपडे नकोत. ते घामाने भिजले की जड होतात, वाळतही नाहीत. शाळेच्या क्रीडादिनाचे जुने पॉलिस्टरचे टीशर्ट कामी आले. पायथ्याच्या बारी गावात जेवण मिळते, तेव्हा स्टोव्ह-पीठ कशाला? गूळ-शेंगदाणे पुरले.

ओझे आठ किलोवर आले, खर्च शून्य. पाण्यात मात्र काटकसर केली नाही. लिटरमागे एक किलो वजन सोसायचेच. वाटणी समान नव्हती. सामान धडधाकट पाठीवर, पाणी दुखऱ्या गुडघ्याकडे. गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, आणि तोवर बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात.