जुन्या व्हॅनचें मागील चाक आणि घाटाची वाट

जव्हार-मोखाड्याकडील पुष्कळ शेतकरी बंधूंच्या अंगणांत हल्लीं एखादी जुनी व्हॅन उभी असते. मारुतीची ही गाडी १९८४ सालीं निघूं लागली, पुढें ती ‘ओम्नी’ या नांवानें ओळखली गेली, व २०१९ सालीं ती निघणें बंद झालें. तथापि मोगऱ्याच्या टोपल्या व भाताचीं पोतीं वाहण्याचें तिचें काम अद्याप संपलेलें नाहीं. या गाडींत इंजिनाची शक्ति मागील चाकांस मिळते, आणि ओझेंही बहुधा मागेंच भरलें जातें. म्हणून मागील चाकाच्या तुंब्याचा, म्हणजेच हबाचा, विचार येथें करीत आहों.

बैलगाडीचा आंख स्थिर असतो व चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. मोठ्या मालट्रकाचें हबही अ‍ॅक्सलच्या नळीवर बसलेलें असल्यामुळें आंतील दांडा ओढून काढला तरी चाक जागचें हलत नाहीं. व्हॅनची गोष्ट निराळी. हिच्यांत चाक फिरत्या दांड्याच्याच टोकास जोडलेलें असून, तो दांडा धरून ठेवणारें बेअरिंग व त्यास अडविणारें एक घट्ट बसविलेलें लोखंडी कडें, एवढाच काय तो आधार. तो सुटला म्हणजे चाक, ड्रम व दांडा मिळून बाहेर सरकूं लागतात. त्र्यंबकास जातांना तोरंगण घाटांत असें झालें तर काय होईल, हें वाचकांस सांगावयास नको.

दोन पावसाळ्यांपूर्वीं आमचीच गाडी उतारावर ब्रेक दाबतांच डावीकडे ओढूं लागली. उजव्या मागील चाकांत तेल उतरलें होतें. एका मिस्त्र्यानें लायनर पेट्रोलनें धुऊन परत बसविले; आठ दिवसांत पुनः तोच प्रकार. मग ऑइल सील बदललें. महिन्याभरांत चाकाची आंतली बाजू पुनः ओली. तिसऱ्या खेपेस एका वृद्ध कारागिरानें अ‍ॅक्सलवरील हवा सुटण्याची बारीक टोपी काढून दाखविली. ती चिखलानें अगदीं बुजली होती. गाडी चालली कीं आंतील तेल व हवा तापते. हवेस वाट न मिळाल्यास ती सीलच्या कडेनें तेल बाहेर ढकलते. आमच्याकडे पावसाळ्यांत फरशीवरच्या पाण्यांतून गाड्या काढाव्या लागतात, तेव्हां ही टोपी बुजावयास वेळ लागत नाहीं. मूळ कागद न पाहतां फेरफार मंजूर करावा, तशांतलाच आमचा पहिला दोन वेळचा खर्च !

दोष ओळखण्यास हत्यारें फारशीं लागत नाहींत. सपाट रस्त्यावर वेग असतांना मागून घुंघुं आवाज येत असेल, तर गिअर न्यूट्रल करून पाहावें. आवाज कायम राहिला तर तो इंजिनाचा नव्हे. डांबरी रस्ता बदलतांच आवाज बदलला तर टायरचा संशय घ्यावा. डावें वळण घेतांना वाढला तर उजवें बेअरिंग पाहावें. नंतर पुढील चाकांस दगड लावून मागील बाजू जॅकवर उचलावी, खालीं भक्कम ठोकळा द्यावा, हँडब्रेक सोडावा, आणि चाक वर-खालीं धरून हलवावें. खडखड लागली किंवा फिरवितांना खरखर हातास जाणवली तर गाडी घाटांत नेऊं नये. ओल दिसल्यास बोटावर घेऊन पाहावी : गिअरचें तेल दाट व उग्र वासाचें असतें, पाण्यांत मिसळत नाहीं, ब्रेकचें तेल पातळ असून पाण्यानें धुतलें जातें. पहिलें सीलचा दोष सांगतें, दुसरें ब्रेकच्या सिलिंडरचा.

दुरुस्ति मात्र प्रेस असलेल्या कारागिराकडेच करवावी, पण जवळ उभें राहावें. ड्रममधील भुकटी फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. ती फुफ्फुसास अपायकारक आहे. जुनें कडें कापून काढावें लागतें. तें करतांना दांड्यास ओरखडा पडतां कामा नये. नवें बेअरिंग बसवितांना दाब आंतील कड्यावरच यावा. बाहेरील कड्यावर हातोडा मारला कीं आंतल्या गोळ्यांस घाव बसतात व नवा मालही लवकर गुणगुणूं लागतो. सील बसतें तेथें दांड्यावर नख फिरवावें. नख अडलें तर तेथें खांच पडली आहे, आणि नवें सीलही गळेल. तेल प्यालेले लायनर धुऊन किंवा जाळून उपयोगी पडत नाहींत, व बदलतांना दोन्ही चाकांचे मिळून बदलावे. टोपी साफ करावी. गिअरचें तेल, गाडी सपाट उभी करून, भरण्याच्या भोंकाच्या कांठापर्यंतच घालावें. ब्रेकची नळी सोडली असल्यास तींतील हवा काढून घ्यावी.

चाकाचे चारही नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, आणि पहिली भरलेली खेप उतरली कीं त्याच दिवशीं पुनः पाना लावून पाहावें.